पाववाला सांत आणि बारावी फळी

"ओहोटी काय आपली वाट बघत रवतली? आता कैतानाक सोडून जावया!" चंद्रावतीने चौथ्यांदा जाहीर केलं आणि चौथ्यांदा ती होडीच्या काठावर तशीच बसून राहिली.

तारीवाडीच्या त्या टोळीत हुकूम तिचाच चाले. वय वर्षं बारा. तिचा चुलतभाऊ लवू तेरा वर्षांचा होता आणि स्वतःला पट्टीचा गुप्तहेर समजे. धाकटा भाऊ बाबू आठ वर्षांचा. तो स्वतःला काहीच समजत नसे, पण त्याला भूक लागली की साऱ्या वाडीला समजे. चौथा कैतान. तो चंद्रावतीच्या वर्गात होता आणि गणितात तिच्या पुढे जाऊ शकणारा तो एकटाच. मे महिन्याची सुट्टी संपत आली होती. खाडीच्या मुखाशी वाळूत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जायचा बेत तीनदा ठरून तीनदा मोडला होता. एकदा काकीला तांदूळ निवडायला माणूस हवं होतं, एकदा पाहुणे आले, आणि तिसऱ्या वेळी तर मोठ्यांनी नुसतं "नको" म्हटलं. कारण विचारलं तर "नको म्हटलं ना!" हेच कारण!

कैतान आला तो धावतच. त्याचे डोळे लाल झाले होते.

"सांत रोक गेलो!"

"खंय गेलो?" बाबूने विचारलं.

"चोरीक गेलो रे! आणि सगळे म्हणतत, माझ्या पप्पान विकलो!"

चंद्रावती काठावरून खाली उतरली.

कैतानचे वडील मिंगेलकाका वाडीतल्या लहानशा कोपेलाची, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघराची, देखभाल करत. झाडलोट, मेणबत्त्या, प्रार्थनेची घंटा, सगळं त्यांच्याकडे. कोपेलामागच्या एका खोलीत त्यांचं बिऱ्हाड होतं. आणि कोपेलात, वेदीच्या उजव्या हाताला, तीन हात लांब नि हातभर रुंद अशा एका अखंड सागवानी फळीवर रंगवलेला सांत रोक, म्हणजे संत रोक, होता. अडीचशे वर्षांपूर्वी कोणी रंगवला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. चितारी आपलं नाव लिहायला विसरला, की त्याला कोणी लिहू दिलं नाही, कोण जाणे! मागे सगळा काळोख, त्या काळोखातून पुढे आलेला सांताचा फिकट चेहरा, लाल झगा, आणि पायाशी तोंडात पाव धरून उभा असलेला कुत्रा. प्लेगने आजारी पडून सांत रानात एकटा पडला, तेव्हा हा कुत्रा रोज त्याला पाव आणून देई, अशी कथा. वाडीतली मासेमारी करणारी हिंदू गाबीत मंडळी त्याला 'पाववालो सांत' म्हणत. होडी पाण्यात लोटायच्या आधी नारळ समुद्राला आणि मेणबत्ती सांताला, हा रिवाज कोणी मोडत नसे.

आता पावसाआधी कोपेलाची कौलं काढून पुन्हा बसवायची म्हणून सोमवारी सगळं सामान शेजारी हलवलं होतं. शेजारी म्हणजे चंद्रावतीच्या आजोबांच्या, नानांच्या, मांगरात. तिथे होड्या ठेवत आणि दुरुस्त करत. चित्राची चौकट वाळवीने खाल्ली होती, ती काढून दत्ताराम सुताराकडे दिली होती. उरलेली चित्राची फळी मिंगेलकाकांनी एका जुन्या चादरीत गुंडाळून मांगराच्या भिंतीला टेकवून ठेवली. आज शुक्रवारी कौलं झाली, सामान परत आलं. मेणबत्त्यांचे खांब आले, बाक आले, घंटा आली. सांत मात्र आला नाही!

"रविवारी बेळगावसून मोठे पाद्री तपासणीक येतले," कैतान म्हणाला. "तोपर्यंत गावलो नाय तर पप्पांचा काम जातला. खोली पण जातली. आणि माका मुंबैक आतयेकडे धाडतले. शाळा पण थयच."

"असा कसा धाडतत!" चंद्रावती ओरडली. ओहोटी, वाळू, तिसऱ्या, सगळं ती विसरली. "चला मांगरात!"

मांगरात ही गर्दी होती! वाडीचे पाद्री, गंगाराम हवालदार, दत्ताराम सुतार, आणि ज्यांना काही काम नव्हतं असे पंधरावीस जण. मिंगेलकाका कोपऱ्यात मान खाली घालून उभे होते. सगळे एकाच वेळी बोलत होते आणि ऐकत कोणीच नव्हतं.

"गेल्या महिन्यात तो जुनं सामान विकत घेणारा माणूस आला होता. त्याने मिंगेलला चित्राची किंमत विचारली होती की नाही?" हवालदार गरजले. ते इतर वेळी वाडीसारखंच बोलत, पण अंगावर गणवेश चढला की त्यांची भाषा पुस्तकी होई.

"विचारली होती," पाद्री म्हणाले. "पण मिंगेलने त्याला हाकलून दिलं."

"असं मिंगेल सांगतो! गोवा सुटून पाच महिने झाले. आता हद्दीवर कोणी अडवत नाही. फळी काखेत मारली की झालं काम!"

चंद्रावतीने गर्दीतून डोकं पुढे काढलं. "हवालदारकाका, चित्र शेवटी कोणी बगला?"

"मुलांनी तपासात अडथळा आणू नये!"

"अडथळो नाय ओ. पण शेवटी कोणी..."

"माझ्या लहानपणी असोच एक समयेचो खांब गेल्लो," एक म्हातारा मध्येच म्हणाला, आणि त्या खांबाची गोष्ट सुरू झाली. ती दहा मिनिटं चालली. शेवटी खांब सापडला की नाही, तेही तो विसरला!

"पण चित्र शेवटी कोणी बगला?" चंद्रावतीने तिसऱ्यांदा विचारलं. आता तिचा आवाज चिरकला.

"नानांक विचारा," कोणीतरी म्हणालं. "मांगर त्यांचो."

नाना पन्नास वर्षं होडीचं सुकाणू धरत आलेले. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. ते हाताला लागलेलं तेल कमरेच्या पंच्याला पुसत पुढे आले. मे महिन्यात होडी वर ओढली की तिच्या एकेका फळीला मुशी माशाचं तेल लावायचं काम ते स्वतः करत. तेल उकळून त्यात काजळी घालायची, ही त्यांची खास रीत. या काळ्या तेलाला वाळवी तोंड लावत नाही, असं ते छाती पुढे काढून सांगत.

"माझ्या मांगरात चित्र-बित्र नाय," नाना ठणकावून म्हणाले. "फळ्यो आसत, तेल आसा आणि मी आसंय. बसा हवालदारानू, उभे कित्याक? ह्या फळयेर बसा, ही सुकली आसा."

हवालदार दोन चिऱ्यांवर आडव्या टाकलेल्या काळ्या फळीवर बसले आणि अर्धा तास बसून त्यांनी मिंगेलकाकांना प्रश्न विचारले. उठले तेव्हा त्यांच्या खाकी अर्ध्या चड्डीवर मागे हातभर काळा पट्टा!

"नाना!" हवालदारांची पुस्तकी भाषा क्षणात पळाली. "मेल्यांनू, हसतास काय? नाना, ही फळी सुकली म्हणालास मां?"

"सुकाक होयी होती," नाना म्हणाले. "आजून ओली आसा तर तेलाची चूक!"

बाबू हसून हसून जमिनीवर बसला. कैतान मात्र हसला नाही. त्याचे वडील मान खाली घालून उभे होते आणि त्यांच्याकडे बघायलाही कोणाला फुरसत नव्हती. ते पाहून चंद्रावतीला असा राग आला की तिने लवूचा हात ओढला.

"ह्या मोठ्यांच्यान काय व्हवचा नाय. उद्या सकाळी आपणच बघूया!"

शनिवारी सकाळी टोळी मांगरात शिरली. नाना चहा पीत बसले होते.

"कोण, लवू?" ते म्हणाले.

"मी बाबू," बाबू म्हणाला.

"तांच मी म्हटलंय," नाना म्हणाले आणि त्यांनी कप खाली ठेवला. अर्धा कप चिऱ्यावर, अर्धा हवेत. चंद्रावतीने धावत जाऊन तो पकडला. हल्ली नानांचं असंच चाललं होतं. कप सांडायचा, माणसं चुकायची. "घाई आसता त्यांका," असं घरात सगळे म्हणत. पण आत्ता तर नाना अगदी निवांत बसले होते! चंद्रावतीच्या मनात काहीतरी टोचून गेलं.

"गावलो!" लवू भिंतीजवळून ओरडला. "पावलाचो ठसो! चोराचो!"

"तो तुझोच आसा," कैतान म्हणाला. "आत्ताच पडलो."

"मगे ह्या काय?" लवूने तेलाच्या मडक्यात पडलेलं एक फडकं काठीने वर काढलं. काळंकुट्ट, तेलाने निथळणारं. "नानांचा तेल लावचा फडका. जावंदे," तो स्वतःच म्हणाला.

"थांब!" कैतान पुढे आला. फडक्याचा एक कोपरा तेलातून वाचला होता. तिथे लाल दोऱ्याने भरलेला लहानसा क्रूस होता. "ही... ही माझ्या आवशीन भरलेली चादर! ह्याच चादरीत पप्पान सांत गुंडाळल्यान!"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नाना," चंद्रावतीने शक्य तितक्या सरळ आवाजात विचारलं, "ह्या फडका खंय गावला तुमका?"

"हयच, फळयांच्यार पडला होता. कोणाचा तरी जुना. कापलंय आणि तेल लावलंय. कित्याक?"

"आणि फळयांक किती तेल लागला?"

"बारा फळयांक लागता तितक्या. दोनय बाजूंन."

"बारा? आपल्या होडयेच्या तळाक अकरा फळ्यो लागतत! मीच मोजलंय गेल्या वर्षी!"

"तू मोजलंस म्हणान होडी लहान झाली काय गो?" नाना चिडले. "एक फळी बसना नाय, फुगली आसतली तेलान. कापून घेतली की बसतली. दत्तारामाक दिलीसुद्धा, तो घेऊन गेलो आत्ताच. करवत लावीत आसतलो."

चंद्रावती पुढचं ऐकायला थांबलीच नाही!

दत्तारामची सुतारशाळा होती माडांच्या पलीकडे. चौघे धावले. लवूची चप्पल वाटेत राहिली, बाबू दोनदा पडला. सुतारशाळेत ती काळी फळी लाकूड कापायच्या घोडीवर आडवी होती. दत्तारामने पाय देऊन ती धरली होती आणि करवत एका टोकाला टेकवून पहिला हिसका दिला होता.

"दत्तारामकाका, नको!" चंद्रावतीने स्वतःला सरळ फळीवर झोकून दिलं. तेल, काजळी, सगळं तिच्या परकराला, कोपरांना, हनुवटीला लागलं. "कापू नका! हो सांत आसा!"

"हो? ही होडयेची फळी. उठ गो, कपडे बगलंस तुझे?"

"मागे कडी आसा काय बगा! टांगूची कडी!"

दत्तारामने कपाळाला आठ्या घालून फळीच्या पाठीखाली हात घातला. त्याचा हात थबकला. जुन्या लोखंडाची, हाताने ठोकलेली कडी होती तिथे. ज्या फळीची चौकट त्याच्याकडे दुरुस्तीला पडली होती, ती फळी तो कापायला निघाला होता! त्याने करवत अशी टाकली की ती बाबूच्या पायावर पडता पडता वाचली.

"पाद्रींक बोलव, कैतान! पळ!" तो ओरडला.

पाद्री आले, त्यांच्या पाठोपाठ मिंगेलकाका, हवालदार आणि पुन्हा तीच पंधरावीस माणसं. "रॉकेल लावून पुसा", "राखेने घासा", "गरम पाणी ओता", जो तो सल्ला देऊ लागला. चंद्रावतीला आता खरंच रडू यायचं बाकी होतं.

"घासू नका!" ती ओरडली. "नाना रोज संध्याकाळी हाताचा काळा तेल खोबरेलान काढतत. घासूक लागणा नाय!"

पाद्रींनी तिच्याकडे पाहिलं, मग माणसांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मुलगी सांगते तसंच करा. बाकीच्यांनी हात मागे बांधून उभं राहा!"

खोबरेल आलं, मऊ कापूस आला. चंद्रावतीने खालच्या कोपऱ्यात कापूस हलकेच टेकवला आणि फिरवला. कापूस काळा झाला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. आणि त्या काळ्या फळीत एक लहानसा, भाजून तांबूस झालेला पाव दिसू लागला!

"पाव!" बाबू किंचाळला.

मग कुत्र्याचं नाक आलं, मग डोळा. अडीचशे वर्षांचा मेणबत्त्यांचा धूरही तेलाबरोबर निघत होता आणि कुत्रा पूर्वी कधी नव्हता इतका उजळ दिसत होता. मिंगेलकाका गुडघ्यांवर बसले. कैतानने त्यांच्या खांद्याला घट्ट मिठी मारली. झालं, संपलं, असं चंद्रावतीला वाटलं.

पण मोठी माणसं इतक्यात कुठली संपवायला!

"हं!" हवालदारांनी काठी आपटली. "म्हणजे माझा संशय खराच! चित्र काळं कोणी केलं? का केलं? ओळखू येऊ नये म्हणून! होडीच्या फळ्यांत लपवून गोव्याला पोचवण्याचा डाव! मिंगेल, चल चौकीवर!"

"पण तेल नानांनी लावल्यानी!" लवू म्हणाला.

"नानांनी? डोळ्यांसमोर लाल झगा घातलेला सांत आणि नाना त्याला काळं तेल फासतील? डोळे असलेला कोणीही माणूस असं करील का? मिंगेलनेच रातोरात फासलं आणि फळ्यांत ठेवलं!"

"नाना, तुम्हीच सांगा," पाद्री म्हणाले.

नाना मागून आले होते आणि सुतारशाळेच्या दारापाशी, गर्दीच्या मागे, माडाला हात लावून उभे होते. त्यांचा चेहरा चित्राकडे होता, पण नजर चित्रावर नव्हती. ती कुठेतरी बाजूला होती. चंद्रावतीला सगळं एकदम कळलं. कप, बाबूचं नाव, ओली फळी. नानांना दिसत नव्हतं! आणि ते सांगत नव्हते. कारण सांगितलं की सुकाणू गेलं, पन्नास वर्षांचा शब्द गेला. इकडे हवालदारांनी मिंगेलकाकांचा दंड धरला होता, तरीही नाना गप्प!

तिला इतका संताप आला, आणि इतकं वाईटही वाटलं, की काय करावं ते सुचेना. ओरडून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती नानांजवळ गेली, त्यांचा हात धरून त्यांना फळीपाशी घेऊन आली आणि पुन्हा कापूस फिरवू लागली.

"काय दिसता गो?" नानांनी अगदी हळू विचारलं.

"कुत्रो दिसता. तोंडात पाव आसा," ती म्हणाली. "आता सांताचो पाय दिसता. त्यान एका हातान झगो वर धरल्यान. मांडयेर प्लेगची गाठ आसा, फुटलेली. आणि दुसऱ्या हाताच्या बोटान तो ती दाखयता."

"कोणाक दाखयता?"

"सगळ्यांका. लपयणा नाय."

चंद्रावतीचा कापूस जागीच थांबला. हवालदार अजून मिंगेलकाकांना दरडावत होते, ते अर्ध्यावर थांबले. कारण नानांनी हात वर केला होता.

"गंगाराम, त्याचो हात सोड," नाना म्हणाले. "तेल मी लावलंय. माका दिसत नाय."

"म्हणजे?"

"दिसत नाय म्हणजे दिसत नाय! उजेड दिसता, सावळी दिसता. रंग दिसत नाय, चेरो दिसत नाय. दोन वर्षां झाली. हाताक खडबडीत लागला, मी म्हटलंय फळयेन मीठ धरला आसतला. मागे कडी लागली, ती दोर बांधूची समजलंय. दोन हात जास्तच तेल लावलंय!"

"आणि होडी?" दत्तारामने घाबरून विचारलं. "गेल्या दोन वर्षां आमी तुमच्याबरोबर समुद्रात..."

"वाऱ्यार जातंय आणि लाटेच्या आवाजार. तुमका कळला?"

कोणाला काही कळलं नव्हतं! मग नाना मिंगेलकाकांकडे वळले, म्हणजे जिकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता तिकडे. "मिंगेल, आत्ता तुका बोलत होते आणि मी उभो रवान ऐकलंय. तेलाची चूक एक वेळ माफ कर. ही नको करूस." मिंगेलकाकांनी नानांचे काळे हात आपल्या हातांत घेतले.

रविवारी बेळगावचे मोठे पाद्री आले तेव्हा सांत रोक दुरुस्त झालेल्या चौकटीत आपल्या जागी होता. झगा आता लालभडक दिसत होता आणि खालच्या कडेला करवतीचा एवढासा दात उमटला होता. मोठे पाद्री कितीतरी वेळ चित्रापुढून हलले नाहीत. एवढं उजळ त्यांनीही ते कधी पाहिलं नव्हतं. "यापुढे मात्र कोणी तेलाचा हात लावू नये, खोबरेलाचासुद्धा!" असं त्यांनी बजावलं. मग त्यांनी चौघांना पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. मिंगेलकाकांचं काम कायम राहिलं. मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नानांना कधी न्यायचं, तेही तिथेच ठरलं. मोतीबिंदूच असेल, काढला की दिसेल, असं पाद्री म्हणाले. गंगाराम हवालदारांनी चंद्रावतीला "शाब्बास, पोलिसात भरती हो!" म्हटलं. चड्डीवरचा काळा पट्टा काही धुऊन गेला नव्हता, म्हणून ते बोलताना भिंतीला पाठ लावून उभे होते.

सगळे पांगल्यावर नानांनी चंद्रावतीला जवळ बोलावलं.

"तुका सगळा कळला होता. मगे तू सांगलंस कित्याक नाय गो?"

"तुमी सांगतलास म्हणान."

"आणि मी गप रवलंय असतंय तर?"

"तर मी सांगलंय असतंय! सगळ्यांच्या समोर, मोठ्यान ओरडान!" चंद्रावतीचे डोळे भरून आले होते, पण राग अजून गेला नव्हता. "मी मनात धापर्यंत मोजीत होतंय, नाना. तुमी साताक हात वर केलास!"

नाना आधी हसले, मग त्यांनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.